आधी पाणी

१६ एप्रिलच्या भर दुपारी पा गावाहून बँकॉकला परत आली. थाईत आईच्या किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला ‘पा’ म्हणतात. माझ्या घरमालकिणीला आमची सगळी गल्ली तेच म्हणते, मीही. उबोनहून रात्रभर बसनं आलेली, डोळे सुजलेले, खांद्याला आंब्यांची पिशवी. ती पिशवी दारात टेकवून घरात न शिरता ती तशीच अंगणाच्या कोपऱ्यात गेली. मी वरच्या गॅलरीतून बघत होते. कोपऱ्यातल्या त्या खांबावरच्या छोट्या घरासमोर लाल फँटाच्या तीन बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, तीन दिवसांच्या तीन. जाताना पानं सांगितलं होतं तशा मी रोज एकेक आणून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला टेकवून एक स्ट्रॉही ठेवला होता. पा क्षणभर बघत राहिली, मग वर मान करून म्हणाली, “टोपणं नाही काढलीस. मग त्यांनी प्यायचं कसं?”

आवाजात राग अजिबात नव्हता. घरी आलेल्या माणसाला चहा दिला आणि कपावरची बशी तशीच झाकलेली राहिली, तर आपल्याकडची थोरली बाई जसं म्हणेल, तसं ती म्हणाली. आतून ओपनर आणून तिनं एकामागून एक तिन्ही टोपणं काढली, स्ट्रॉ आत सोडले, हात जोडून काहीतरी पुटपुटली. बहुधा माझ्या वतीनं माफी मागितली असावी. मग तिचं लक्ष बाजूच्या काचेच्या इवल्या पेल्यांकडे गेलं. “पाणी मात्र रोज बदललंस,” ती म्हणाली आणि आंबे घेऊन आत गेली.

ते दुसरं वाक्य मला जास्त टोचलं.

कारण पाणी बदलायला मला कोणी सांगितलंच नव्हतं. एप्रिलच्या उन्हात पेल्यात मुंग्या पडतात, पाणी कोमट होतं, म्हणून मी सकाळी एकदा आणि ऑफिसातून आल्यावर एकदा ते ओतून नवं भरत होते, हातासरशी, विचार न करता. बाटल्यांचं मात्र तसं नव्हतं. त्या ठेवताना माझा हात अडत होता. दुसरी बाटली ठेवली तो दिवस १४ एप्रिल होता. सकाळी उठून मी खोलीतल्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो पुसला, मेणबत्ती लावली, पांढरा कुडता घातला, त्रिसरण-पंचशील म्हटलं. आणि पाच मिनिटांनी लाल सरबताची बाटली घेऊन एका भुतादेवाच्या घरासमोर उभी राहिले. ओपनर खिशात होता. तो मी बाहेर काढला नाही.

ती घरं दोन आहेत. एक उंच, एका खांबावर, देवळासारख्या टोकदार छपराचं, सोनेरी आणि लाल. त्यात राहतो तो ‘प्रा फूम’. फूम म्हणजे आपली भूमीच, उच्चार तेवढा बदललाय. आत बोटभर उंचीची मूर्ती, एका हातात तलवार, दुसऱ्यात पैशाची थैली. तिच्यापुढे नाचणाऱ्या बायका, हत्ती, घोडे, सगळे चिनी मातीचे, पावसानं रंग उडालेले. शेजारचं दुसरं घर बुटकं आणि साधं, गावाकडच्या लाकडी घरासारखं, त्याला पुढे ओटीसारखा सोपा. त्यात एक म्हातारा आणि एक म्हातारी बसलेली असतात. त्यांना ‘ता-याई’ म्हणतात, म्हणजे आईकडचे आजोबा आणि आजी. ही जागा आपण घेण्याआधी जी कोणी माणसं इथं राहिली, ती. घर बांधायचं तर आधी त्यांना विचारायचं, त्यांना वेगळं घर द्यायचं, आपल्या घराची सावली त्यांच्या घरावर पडू द्यायची नाही आणि रोज काहीतरी खायला-प्यायला ठेवायचं. बँकॉकमध्ये चाळीस मजली इमारतीच्या दाराशी, पेट्रोल पंपावर, बँकेच्या आवारात, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे ही घरं आहेत. लाल सरबतच का, तर पूर्वी रक्त द्यायचे, त्याच्या बदल्यात हे, असं म्हणतात. पाला विचारलं तर ती म्हणाली, “त्यांना गोड आवडतं.”

कोकणातल्या मैत्रिणीला फोनवर हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, अगं, हा तर आमचा राखणदार. तिच्यासाठी ते तितकं सोपं होतं. माझ्यासाठी ‘जागेचा धनी’ हे शब्दच सोपे नाहीत. आमची माणसं गावकुसाबाहेर राहिली. ज्या जमिनीवर झोपडी होती, तिचा धनी नेहमी दुसराच कोणीतरी होता. त्याच्या दारात उभं राहून मागायचं, त्याची परवानगी घ्यायची, त्याच्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. ‘सावली पडू द्यायची नाही’ हे चार शब्द पानं सहज उच्चारले, आणि माझ्या अंगावर काटा आला. ती घराच्या सावलीबद्दल बोलत होती, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

माझी आजी, आईची आई, म्हणजे थाईत माझी ‘याई’, भंडारा जिल्ह्यातली. १९५६ साली ती बारा वर्षांची होती. तिचे वडील ऑक्टोबरात नागपूरला गेले, दीक्षा घेऊन चौथ्या दिवशी परत आले आणि आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्यातले टाक, मरीआईचा मुखवटा, खंडोबा, सगळं वेताच्या टोपलीत भरलं. वैनगंगेपर्यंत टोपली आजीच्या डोक्यावर होती. देव जड असतात का गं, असं मी लहानपणी विचारायची. ती म्हणायची, “टोपली जड नोती. पन मान अकडली होती भीतीनं.” रात्रभर तिला वाटत राहिलं, आता पटकी येणार, आई मरणार. सकाळी उठली तर आई चूल पेटवत होती. देव्हारा होता त्या कोनाड्यात वडिलांनी बाबासाहेबांचा फोटो ठेवला होता. पुढे तिनं स्वतः भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर लावली. अक्षरओळख तिला लग्नानंतर झाली आणि ती वाचायला शिकली ती याच तसबिरीवर. पहिली ओळ तिला न अडखळता यायची: मी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही.

आजीचा दुसरा एक नियम कुठल्या तसबिरीत नव्हता. दारात कोणीही येवो, पोस्टमन, भांडीवाली, वाट चुकलेला माणूस, निवडणुकीचा उमेदवार, “आल्या मानसाले आंदी पानी द्याव, मंग नाव इचारावं.” तिच्या लहानपणी हे उलट होतं. विहिरीपाशी घागर घेऊन बाजूला उभं राहायचं, कोणाची ते सांगायचं, आणि मग कोणाला दया आली तर वरून धार. ओंजळ खाली, घागर वर, मधे हातभर अंतर. त्या अंतराबद्दल ती कधी रडून बोलली नाही. फक्त स्वतःच्या घरात तिनं क्रम बदलून टाकला.

मी बँकॉकला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात पहाटे जाग आली ती ओळखीच्या शब्दांनी. ऑन नुतला आमच्या गल्लीमागे कालवा आहे आणि कालव्यापलीकडे विहार. तिथल्या भोंग्यावरून काहीतरी घरंगळत आलं: ‘नमो तस्स फखवतो अरहतो…’ मी अंथरुणात उठून बसले. भगवतोचं फखवतो झालं होतं, बुद्धंचं फुत्थं, गच्छामिचं खच्छामि. पण तेच होतं. आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात, सतरंजीवर मांडी घालून, समोर पाठ म्हणणाऱ्या बौद्धाचार्यांच्या मागोमाग आम्ही पोरं ओरडून म्हणायचो तेच. शाळेत ते कधी मोठ्यानं म्हणावंसं वाटलं नाही. इथं ते अख्ख्या शहरावर पसरलं होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्या पहाटे मी रडले, हे सांगायला मला संकोच नाही.

नंतरचे काही महिने मी शब्द गोळा करत हिंडले. पुण्याला हे ‘बुन’ म्हणतात, पापाला ‘बाप’, कर्माला ‘काम’. वार तर सगळे आपलेच: आदित्याचा आथित, चंद्राचा चान, अंगारकाचा अंगखान, शनीचा साओ. प्रत्येक वाराचा रंग ठरलेला आणि प्रत्येक वाराची बुद्धमूर्तीही. सोमवारी पिवळा कपडा दिसतो, मंगळवारी गुलाबी. पा बुधवारी केस कापू देत नाही. आपल्याकडे शनिवारी नाही कापत, असं मी तिला सांगितलं तेव्हा ती खूश झाली, म्हणजे तुमच्याकडेही माणसं शहाणी आहेत तर. आजीनं आयुष्यभर माझ्या आईचे केस मुद्दाम शनिवारी कापले, हे मी तिला सांगितलं नाही.

पहाटेची भिक्षा मात्र मला आजही तितकीच हलवते. सहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली बाई टेबल मांडते. प्लास्टिकच्या पिशव्यांत रस्सा, भाजी, भात, प्रत्येक पिशवीत हवा भरून रबर बँडनं अशी गाठ मारलेली की ती फुग्यासारखी ताठ राहते. कालव्याच्या पुलावरून भिक्खू येतात, अनवाणी, भुवयासुद्धा काढलेल्या, कोणाकडे न बघता. मागून विहारातला पोरगा हातगाडी ओढत असतो, कारण पात्र दोन मिनिटांत भरतं आणि रिकामं करावं लागतं. पा चपला काढून रस्त्यावर उतरते, भाताची पिशवी कपाळाला लावते आणि पात्रात ठेवते. ‘घ्या’ नाही, ‘धन्यवाद’ नाही. मग ती डांबरावरच गुडघे टेकते आणि भिक्खू दोन ओळी म्हणून पुढे जातो. मोटारसायकली बाजूनं जातात, कोणी हॉर्न वाजवत नाही. आमच्याकडे भंतेजी वर्षातून दोनदा यायचे, त्यांच्यासाठी गादी, हार, फोटो. इथं ते दुधवाल्यासारखे रोज येतात, आणि मागायला आलेला माणूसच मोठा मानला जातो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना भाकरीसाठी दारोदार ‘जोहार मायबाप’ म्हणावं लागलं, त्या घरातल्या मुलीनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते अजून मला नीट मांडता येत नाही.

पण त्या भिक्खूच्या हातात मी काही देऊ शकत नाही. बाईचा स्पर्श नको, म्हणून पात्रात सोडायचं, किंवा तो समोर कापड पसरतो त्यावर ठेवायचं. नियम शरीराला लवकर शिकता येतात, मनाला नाही. पाच्या भावाचा मुलगा पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी भिक्खू झाला, तेव्हा मी तिच्याबरोबर उबोनला गेले होते. बहुतेक मुलगे इथं आयुष्यात एकदा तरी चीवर घालतात, आईवडिलांचं ऋण फेडायला. आई मुलाच्या पिवळ्या चीवराचा पदर धरून स्वर्गात जाते, असा समज. दीक्षेआधी त्याचं मुंडण करताना पहिली बट आईनं कापली आणि ती कमळाच्या पानात ठेवली. गावभर ढोल, नाच, छत्री धरून मिरवणूक. दीक्षा घेणाऱ्या त्या मुलाला ‘नाक’ म्हणतात, म्हणजे नाग. बुद्धाच्या काळी एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्खू झाला होता, तो उघडा पडला, त्याची आठवण म्हणून. पाला एकच मुलगी. मिरवणुकीत ती भाच्याच्या मागून चालत होती आणि मधूनच हात पुढे करून त्याच्या पांढऱ्या झग्याला बोट लावत होती. मुलीला भिक्खुणी होता येत नाही, १९२८च्या आदेशानं इथल्या संघानं ते दार बंद केलंय. पांढरी वस्त्रं घालून आठ शीलं पाळणाऱ्या ‘मे ची’ बायका विहारांतून झाडताना, रांधताना दिसतात. २००३ साली एका प्राध्यापक बाईंनी श्रीलंकेत जाऊन उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा घेतली, त्या धम्मानंदा आता नाखोन पाथोमला भिक्खुणींचा विहार चालवतात, पण संघाच्या कागदावर त्या भिक्खुणी नाहीत. मी हे पाला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पुढच्या जन्मी बघू.” बुद्धाच्या देशात येऊन मला इतका राग येईल असं वाटलं नव्हतं.

आणि मग ब्रह्मदेव.

पाच्या मुलीला दवाखान्यात नोकरी लागली, तसा नवस फेडायचा होता. राचाप्रसोंगच्या चौकात, वरून स्कायट्रेन जाते आणि चारी बाजूंनी मॉल आहेत, तिथं एरावान हॉटेलच्या कोपऱ्याला चार तोंडांचा सोनेरी ब्रह्मा बसलाय. माणसं एकेका तोंडापुढे उदबत्ती आणि झेंडूची माळ ठेवत फिरतात. धूर इतका की ट्रॅफिकचा वास येत नाही. नवस फेडायला तिथल्या नर्तकींना पैसे देऊन नाच करवायचा. किती जणी, त्याप्रमाणे दर. पानं चौघी सांगितल्या. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले आणि माझे पाय थांबले. थांबवले नाहीत, थांबले. आतून रनाट म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा आवाज येत होता, पा गुडघ्यावर बसलेली दिसत होती, आणि माझ्या कानात आजीचा सूर लावून वाचण्याचा आवाज: मी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना… मी वीस मिनिटं फुटपाथवर कठड्याला धरून उभी राहिले. पा बाहेर आली. आत का आली नाहीस, असं तिनं विचारलं नाही. माझ्या हातावर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि आम्ही स्टेशनचा जिना चढलो.

रात्री मी तारखा बघितल्या. हॉटेलच्या बांधकामात एकामागून एक विघ्नं आली, म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्यानं ही मूर्ती बसवली, ९ नोव्हेंबर १९५६ला. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. मधे सव्वीस दिवस. त्याच सव्वीस दिवसांत कधीतरी माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन वैनगंगेकडे चालत गेली होती.

मी धीर करून पाला विचारलंच. तू बुद्धाला मानतेस, पंचशील पाळतेस, मग ब्रह्मदेव कशाला, भूमीदेव कशाला? टॅक्सीवाले आरशाला माळा, छताला पांढऱ्या ठिपक्यांची यंत्रं, गळ्यात भिक्खूंचे ताईत का बाळगतात? ते ताईत ‘विकत घेतले’ म्हणायचं नाही, ‘भाड्यानं घेतले’ म्हणायचं, कारण बुद्ध विकत मिळत नाही. पा मिरच्या कुटत होती. खलबत्त्याचा ठोका न चुकवता म्हणाली, “बुद्धांकडे काही मागायचं नसतं. ते सुटले, गेले. त्यांच्याकडे बघून आपण नीट वागायचं. पण नोकरी, आजारपण, पोरीचं लग्न, हे सांगायला कोणीतरी जवळ राहणारं लागतं ना?”

जवळ राहणारं. आमच्यापासून दहा मिनिटांवर वाट महाबुत नावाच्या विहारात मे नाक राहते. नवरा लढाईवर असताना बाळंतपणात मेली, आणि तो परत आला तेव्हा काही झालंच नाही अशी त्याच्याबरोबर संसार करत राहिली. जात्यावर बसलेल्या आपल्या बायांनी तिची ओवी केली असती. इथं तिची सोनेरी मूर्ती आहे, मांडीवर बाळ, मूर्तीपुढे दिवसभर चालू असलेला टीव्ही, भिंतीला टांगलेले शेकडो झगे, बाळासाठी खेळणी. एप्रिलमध्ये सैन्यभरतीची सोडत असते. लाल चिठ्ठी निघाली तर जायचं, काळी निघाली तर सुटका. सोडतीआधी पोरं तिच्याकडे येतात, कारण लढाईनं नवरा नेला तर काय होतं, हे तिला माहीत आहे. एका मुलाला मी तिथं ढसाढसा रडताना बघितलं, शेजारी त्याची आई झग्याच्या घड्या नीट करत होती. आमच्याकडे अशी बाई हडळ होते आणि तिला खिळे ठोकतात. त्या दिवशी मी हात जोडले नाहीत. पण त्या आईशेजारी मी बराच वेळ बसून राहिले.

बाटल्यांची ती गोष्ट झाली आणि तीन महिन्यांनी आजी गेली. आषाढ पौर्णिमेच्या आसपास, इथं भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू होतो तेव्हा. फोन पहाटे आला. तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळत होतं, आणि तोवर तिकडे अंत्यविधी थांबवणं शक्य नव्हतं. मी जिन्यात बसले होते तिथं पा आली. काय झालं ते मला थाईत सांगता येईना. मी फक्त म्हणाले, “याई.” तिला कळलं.

तिनं मला रडू दिलं, मग अंघोळ करायला लावली, पांढरे कपडे घालायला सांगितले. विहाराबाहेरच्या दुकानातून तिनं पिवळी प्लास्टिकची बादली घेतली. तिला ‘सांगखथान’ म्हणतात, संघदान. बादलीत टूथपेस्ट, साबण, चहा, चप्पल, टॉर्च, घडी केलेलं चीवर, वर चकचकीत कागद. भिक्खूंपुढे आम्ही पाय मागे दुमडून बसलो. एका चिठ्ठीवर गेलेल्याचं नाव लिहायचं होतं. पानं मला आजीचं नाव तीनदा म्हणायला लावलं आणि थाई अक्षरांत लिहिलं. वृद्ध भिक्खूनं ते मोठ्यानं वाचलं, त्यांच्या वरखाली होणाऱ्या सुरात, शेवटचा स्वर लांबवून. आजीच्या नावाला इतका चढउतार असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आडनाव कोणी विचारलं नाही.

मग पानं माझ्या हातात पितळेची लहानशी सुरई दिली, खाली वाटी ठेवली. धार धरायची, तुटू द्यायची नाही. भिक्खूनं ‘यथा’ म्हटलं की सुरू करायचं आणि बाकीचे त्याच्या सुरात मिसळायच्या आत संपवायचं. ‘यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं, एवमेव इतो दिन्नं पेतानं उपकप्पति.’ भरलेल्या नद्या जशा सागर भरून टाकतात, तसं इथून दिलेलं गेलेल्यांपर्यंत पोचतं. पाली मला येते, आजीनंच पाठ करून घेतलं होतं. पा मागून माझ्या कोपराला बोटं टेकून बसली होती, म्हणजे तिचंही त्या धारेत मिसळावं. धार वाटीत पडताना बारीक आवाज होत होता. पितळ गार होतं. मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, ‘इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो.’ शेजारी पा म्हणत होती, ‘इथां मे यातीनां होतु.’ हे माझ्या ज्ञातींना लाभो, ज्ञाती सुखी होवोत.

सहावी प्रतिज्ञा आहे, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. वाटीतलं पाणी बघताना ती आठवली. त्याच रात्री आईनं रेकॉर्डिंग पाठवलं. घरी जलदान विधी झाला होता, तांब्यातून ताटात धार, बौद्धाचार्यांचा घोगरा वऱ्हाडी आवाज, मागे पोरांचा गलका, आणि तेच शब्द, इदं मे ञातीनं होतु. मी ते चार वेळा ऐकलं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, की मग हे श्राद्धच नाही का झालं? ती म्हणाली होती, “श्राद्धात मधी कोनीतरी लागते. हे आपलं आपन वाटून देतो.”

वाटीतलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचं असतं, धरणीमातेला साक्षी ठेवून. मे थोरनी, म्हणजे धरणी. बुद्धाला मोहात पाडू पाहणारा मार सैन्य घेऊन आला तेव्हा बुद्धानं भूमीला स्पर्श केला, ती वर आली आणि तिनं केस पिळले. बुद्धानं जन्मोजन्मी दान देताना जे जे पाणी सोडलं होतं, ते सगळं तिच्या केसांत साठलेलं होतं. त्याचा पूर आला आणि मार वाहून गेला. राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानाच्या कोपऱ्यावर केस पिळणारी तिची मूर्ती आहे. १९१७ साली राणी साओवाफानं ती बसवली, येणाऱ्याजाणाऱ्याला प्यायचं पाणी मिळावं म्हणून. कोणालाही. बँकॉकच्या पाणीपुरवठ्याचं चिन्हही तीच. मी दर महिन्याला तिच्या नावानं पैसे भरत होते आणि मला माहीत नव्हतं. आजीला हे सांगायला हवं होतं. चवदार तळ्याची गोष्ट सांगताना तिचा आवाज जसा व्हायचा, तसा हे ऐकून झाला असता.

आमच्या अंगणात झाड एकच, आंब्याचं, आणि ते नेमकं त्या दोन छोट्या घरांच्या शेजारी. मी वाटी घेऊन तिथं वाकले. बुटक्या घराच्या ओसरीवर ती म्हातारी बसलेली होती, पांढरे केस, हात मांडीवर. याई. मातीनं पाणी लगेच ओढून घेतलं.

या वर्षी पा पुन्हा सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, उबोनला गेली. निघताना ती पायरीवर बसून बूट घालत होती तेव्हा मी तिला विचारलं, त्या उंच घरातल्या तलवारवाल्याला काही नाव आहे का? इतकी वर्षं झाली, मी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, आहे की, घर राखणाऱ्याचं नाव चाई मोंगखोन. मी दोनदा म्हणून बघितलं. जय मंगल. आमच्याकडे लग्नात नवरानवरीवर फुलं टाकताना ‘जयमंगल अट्ठगाथा’ म्हणतात. माझ्या आईच्या लग्नात आजीनं म्हटली होती.

१४ तारखेला सकाळी बाबासाहेबांचा फोटो पुसला, मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं. मग खाली गेले. ओपनर पानं खांबालाच रबर बँडनं बांधून ठेवला होता. पेल्यांतलं कालचं पाणी आंब्याला ओतलं, पेले विसळले, दोन्ही घरांपुढे ताजं पाणी भरून ठेवलं, आधी बुटक्या घरापुढे. मग बाटलीचं टोपण काढलं. फेस वर आला, बोटांवरून ओघळला. हात जोडले नाहीत. “घ्या,” म्हटलं, मराठीत.